भावकीचा नंबर

वडगाव, बेळगाव
२ जुलै २०२५

मालुआत्ती,

महिन्याच्या आत दुसरं पत्र आलं म्हणजे पोरीला काहीतरी पाहिजे असणार, असं तू म्हणशील. पाहिजेच आहे. तुझं एक उत्तर पाहिजे, आणि ते फोनवर नको. तुमच्या घरचा फोन तुझ्या दिराच्या पोराच्या, नागेंद्रच्या हातात, आणि त्याला स्पीकर लावल्याशिवाय जमत नाही. मागच्या खेपेला मी तुझ्या गुडघ्याचं विचारलं तर उत्तर तुझ्या जावेनं दिलं. त्यापेक्षा आपलं पत्र बरं.

आता नीट वाच. मेलेल्या माणसांच्या नावावर पडून राहिलेल्या जमिनी वारसांच्या नावावर करायची मोहीम निघाली आहे. सगळं कॉम्प्युटरवर, कचेरीच्या चकरा न मारता. चांगलंच आहे ते. मी ज्या सेवा केंद्रात बसते तिथं रोज असे लोक येतात. आजा जाऊन पिढी उलटलेली असते आणि उताऱ्यावर मालक अजून तोच. आमच्या आज्याचं, म्हणजे तुझ्या बाबांचं, तेच झालंय. गुंजीची जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे.

आप्पांनी गावातल्या कँपात अर्ज केला. वारस दोघंच, तू आणि आप्पा. तिथं दोन वाटा असतात. एक तर दोघांची नावं चढतात, नाहीतर एकानं हिस्सा सोडायला संमती द्यायची आणि दुसऱ्याचं एकट्याचं नाव लागतं. आप्पांनी दुसरी वाट धरली आहे. आता तुझी संमती तेवढी राहिली. ही संमती म्हणजे सही नाही, अंगठा नाही. आधारला जो मोबाइल जोडलेला असतो त्यावर सहा आकडे येतात, ते दहा मिनिटांत सांगायचे. सांगितले की झालं.

आणि तुझ्या आधारला जोडलेला मोबाइल माझा आहे.

आठवतं का? आपल्या शाळेत आधारचा कँप लागला होता, मी बारावीत होते आणि तू पंचमीला माहेरी आली होतीस. "आक्का, हितंच काढून टाक," असं आप्पा म्हणाले. ऑपरेटरनं मोबाइल नंबर विचारला की रांगेतला प्रत्येक जण माझ्याकडे बोट दाखवायचा. गल्लीत धड चालणारा फोन माझाच होता ना! आप्पा, आई, तू, साईराज, रवळूकाका, गुणाबाईकाकू. अर्धी भावकी माझ्या एका नंबरावर आहे. तेव्हापासून मी सिम बदललेलं नाही. काकूंचा गॅस असो की रवळूकाकांची पेन्शन, आकडे माझ्याकडे वाजतात, त्यांचा फोन येतो आणि मी वाचून दाखवते. कशाचे ते कधी विचारत नाही. या अर्जासाठी आप्पांचे स्वतःचे आकडे पण मी बसमध्ये उभ्या उभ्या वाचून दाखवले.

मग परवा आप्पांचा फोन आला. "आता आक्काचा आकडा येईल बघ. त्यो पण सांग." मी म्हटलं, आत्तीला विचारलंय का? तर म्हणाले, "इच्यारायचं काय त्यात? माझी भन हाय ती." आणि फोन ठेवला.

त्यांना घाई लेकासाठी, साईराजसाठी आहे. त्याला उद्यमबागेतली फाउंड्री सोडून स्वतःची लेथ टाकायची आहे आणि बँकेला जमीन एकाच नावावर पाहिजे. त्याच्या मी आड येत नाही. पण अर्धी जमीन तुझी आहे, आत्ती. तू सांगशील तसं करीन. आकडे दहा मिनिटं जगतात आणि तुझं पत्र तीन-चार दिवस वाटेत असतं, म्हणून आजच लिही.

तुझी
पूर्णिमा

*

निपाणीजवळून
७ जुलै २०२५

चिरंजीव पूर्णिमा,

पत्र पोचलं. वखारीतून आल्या आल्या वाचलं आणि लगेच लिहायला बसले.

सांगून टाक आकडे. एवढ्यासाठी बापाशी तोंड वाकडं करू नकोस. मला जमीन घेऊन काय करायचंय? मूल ना बाळ. तंबाखूच्या धुरळ्यात आयुष्य गेलं, आता काय भाताचं रोप लावायला वाकणार आहे मी? ज्योतिबा माझ्या पाठचा. त्याला मी कडेवर घेऊन फिरवलंय. तो दर पंचमीला न चुकता न्यायला येतो. आमच्या शेजारच्या अंबुबाईनं कोर्टात जाऊन माहेरचा हिस्सा घेतला. तेव्हापासून पंचमीला ती माझ्या दारात येऊन बसते आणि मी निघाले की माझ्या पिशवीकडे बघत राहते. बाईला हिस्सा मिळाला, माहेर गेलं. मला तसं नको.

इकडं सगळं ठीक आहे. वैशाखात नागेंद्रचं लग्न झालं ते तुला कळवलं होतंच. सून रचना, गुणी पोर आहे, बारावी शिकलेली. नवं माणूस आलं की घरात थोडं इकडंतिकडं होतंच. मी आता पडवीत स्वैपाक करते, हवा चांगली लागते. तू दिलेल्या पत्र्याच्या पेटीला एक कुलूप घेतलंय, तीही जवळच असते. गुडघा बरा आहे.

विहिरीजवळचा फणस यंदा धरला होता का? आईनं आणि मी मिळून लावलेला. ज्योतिबाला विचारून कळव. माझं नाव सांगू नकोस, सहज विचार.

आणि भांडू नकोस गं. दे आकडे.

तुझी
मालुआत्ती

*

वडगाव, बेळगाव
१३ जुलै २०२५

आत्ती,

तुझं पत्र काल मिळालं. त्याच्या आधीच, गुरुवारी दुपारी, आकडे येऊन गेले.

केंद्रात ही गर्दी. काउंटरपुढं सांबऱ्याचे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. मी त्यांना विचारलं, आधारला नंबर कुणाचा? "पुतण्याचा." पुतण्या कुठंय? "पुण्याला. फोन उचलत न्हाय त्यो." तेवढ्यात माझाच फोन थरथरला. तुझं नाव, सहा आकडे. पाठोपाठ आप्पा. "आला काय? सांग लौकर, तलाठी बाई बसून हाय." मी त्या म्हाताऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मला ते आकडे वाचता येईनात. मी म्हटलं, आप्पा, आत्तीचं पत्र येऊ दे. ते ओरडायला लागले. मी फोन पालथा घातला. पुन्हा बघितला तेव्हा आकडे मेले होते.

त्या रात्रीपासून आप्पा बोलत नाहीत. आई फोनवर नुसती रडते. शुक्रवारी साईराज उद्यमबागेतून थेट माझ्या खोलीवर आला. गाडी बंद न करताच बोलत होता. "आत्तीचं नाव पुढं करू नको. उद्या तू पण हिस्सा मागणार, म्हणून आताच वाट करून ठेवतीयास." मला इतका राग आला की मी दार लावून घेतलं. मग दाराला पाठ लावून विचार करत बसले, तो म्हणाला ते खोटं आहे का? मागेन की नाही मला माहीत नाही. पण माझे आकडे कुणा दुसऱ्याच्या फोनवर वाजू नयेत, एवढं नक्की वाटतं.

मग तुझं पत्र आलं. "दे." मी तीनदा वाचलं. सगळं सोडून माझं बोट एका वाक्यावर थांबतंय. जुलैच्या झडीत पडवीत हवा चांगली लागते? तुमच्या पडवीला पुढून भिंत नाही, आत्ती. मी आलेय तिथं. आणि स्वतःच्या घरात पेटीला कुलूप कशाला?

मी आजच आले असते, पण मोहीम संपेतोवर रजा बंद आहेत. आज रविवार असून हे पत्र मी केंद्रातूनच लिहितेय. मला सरळ उत्तर दे. स्वैपाकघरात कोण आहे?

पूर्णिमा

ता. क. फणस धरला होता. आप्पांनी गावभर वाटले.

*

गुंजी
१६ जुलै २०२५

पूर्णिमा,

तू फोन उचलत न्हाईस म्हणून लिहायला लागतंय. मला लिहायची सवय न्हाय, चुकलं तर समजून घे.

कँपात चार माणसांत माझं नाक कापलंस. तलाठी बाई कन्नडात काय म्हणाली ते मला कळलं न्हाय, पण मागचे हसले ते कळलं. आम्ही तुझा नंबर दिला तो इश्वासानं दिला. नंबर तुझा म्हणून जमिनीची मालकीण झालीस व्हय? तुला शिकवलं ते आमच्यावर बसायला न्हाई शिकवलं.

आक्काला मी फोनवर इच्यारलं. ती म्हणाली घे बाबा. सगळ्यांच्या देखत म्हणाली. आता आणि काय पाहिजे? माझ्या बहिणीचं आणि माझं काय हाय ते तुला कॉम्प्युटरात दिसणार न्हाय. बाबा गेले तेव्हापास्नं एक पंचमी चुकवली न्हाई मी. पाय मोडलेला तेव्हा पण टेंपोत बसून गेलतो.

आता तुझ्या आकड्याची गरज न्हाय. पंचमीला आणायला जातो तेव्हा निपाणीतच आधार केंद्रात आक्काला उभी करतो आणि तिच्या आधारला माझा नंबर टाकतो. पुढचा कँप पंचमीच्या दुसऱ्या दिवशी हाय. माझ्या फोनवर आकडा येईल, मी सांगीन, इषय संपला.

पंचमीला तू येऊ नको. आई काय म्हणाली तरी येऊ नको.

ज्योतिबा

*

वडगाव, बेळगाव
१९ जुलै २०२५

आत्ती,

हे पत्र पोस्टानं नाही. निपाणीच्या बसच्या कंडक्टरकडे डबा दिलाय, तुमच्या फाट्यावर अंबुबाईच्या हातात द्यायला सांगितलंय. वर शेंगदाण्याचे लाडू आहेत, ते तिला दे. खाली कापडात माझा जुना बटणांचा फोन आहे. चार्जर पण आहे.

आप्पा तुला न्यायला येतील तेव्हा आधी आधार केंद्रात नेणार आहेत. तिथं तुझा अंगठा घेतील आणि नंबर विचारतील. तू गप्प बसलीस तर आप्पा त्यांचा नंबर सांगतील. मग तुझ्या नावाचे आकडे त्यांच्या खिशात वाजतील, तेच वाचतील, तेच सांगतील. तू तिथं नसलीस तरी चालेल. जमिनीचंच नाही, पुढं पेन्शनचं, रेशनचं, बँकेचं, सगळं तसंच.

मी तुला घाबरवतेय असं वाटेल. मीच घाबरलेय. गुरुवारी मी आकडे दिले नाहीत तेव्हा मला वाटलं मी तुझ्यासाठी लढले. आता कळतंय की मीही आप्पांसारखंच केलं. त्यांनी तुझ्या तोंडून "हो" म्हटलं आणि मी "नाही". तुला कुणी बोलूच दिलं नाही.

म्हणून एवढंच कर. निपाणीत जा, स्वतःच्या नावावर सिम घे. त्यासाठी तुझा फोटो काढतील, आधार कार्ड बरोबर ठेव. मग आधार केंद्रात तो नंबर जोडून घे. आप्पा येण्याच्या आधी. त्यानंतर तुला हिस्सा सोडायचा तर खुशाल सोड, मी एक शब्द बोलणार नाही. पण आकडे तुझ्या हातात येऊ देत.

नागेंद्रला कळू न देता कसं जमवशील ते मला सुचत नाही. अंबुबाई येईल का बरोबर?

आणि तू अजून सांगितलेलं नाहीस. स्वैपाकघरात कोण आहे?

तुझी
पूर्णिमा

*

वडगाव, बेळगाव
२७ जुलै २०२५

आत्ती,

हे पत्र गुणाबाईकाकूंच्या नावानं गुंजीला पाठवतेय, त्या तुला गुपचूप देतील. तुझं काहीच उत्तर नाही. डबा पोचला की नाही तेही कळलं नाही. आप्पा काल निपाणीला निघाले असं आईनं हळूच फोनवर सांगितलं.

आज सकाळी माझ्या फोनवर मेसेज आला. तुझ्या आधारचा मोबाइल नंबर बदलला. इतकी वर्षं तुझं सगळं माझ्याकडे येत होतं, आता ते बंद. कुणाचा नंबर लागला ते त्यात लिहीत नाहीत. दिवसभर काउंटरवर माझे हात चुकत होते. एका बाईचा जन्माचा दाखला मी दोनदा काढला.

काल तू निपाणीत होतीस आणि आप्पा तुझ्या शेजारी होते. तू गप्प बसलीस का गं?

बुधवारी कँप आहे. माझ्या हातात आता काही नाही. पंचमीला मला घरी यायला मनाई आहे हे तुला सांगितलं असेलच. झोपाळ्यावर माझ्या वाटणीचा एक झोका घे.

पूर्णिमा

*

गुंजी
१ ऑगस्ट २०२५

पूर्णिमा बाळ,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. मुद्दाम उत्तर दिलं नाही. लिहिलं असतं तर तू लगेच मला धीर दिला असतास, आणि मग जे काही केलं ते तुझं झालं असतं. रागावू नकोस.

डबा अंबुबाईनं आणून दिला तेव्हा रचना पडवीत उभी होती. तिनं लाडू बघितले आणि खालचा फोनही बघितला. मला वाटलं, झालं, आता रात्री नागेंद्रच्या कानावर जाणार. पण दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली, "मोठ्याई, दवाखान्याचं निमित्त सांगा, मी स्कूटीवरनं नेते." तूच विचारत होतीस ना, स्वैपाकघरात कोण आहे? ती आहे. तिच्यासाठीच मला तिथून काढलं. तीच मला निपाणीला घेऊन गेली. सिमचा फोटो काढताना तिनं माझा पदर नीट केला. परत येताना म्हणाली, "मला न्हाई बरं वाटत आत जेवायला."

ज्योतिबा आला तेव्हा नंबर जोडायला देऊन चार दिवस झाले होते. त्यानं केंद्राच्या वाटेला लावलं तसं मी म्हटलं, मी बदलून आले. "कुणाचा टाकलास?" माझा. बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला. बेळगावात बस बदलताना तुला भेटायचं मनात होतं, पण त्याचा चेहरा बघून विचारलं नाही.

पंचमी झाली. लाह्या फोडल्या, झोकाही घेतला. बुधवारी शाळेत गेलो. ज्या खोलीत आधारचा कँप लागला होता तीच खोली. तलाठी बाई भली आहे. तिनं टॅबवर काहीतरी केलं आणि माझ्या बटव्यात फोन वाजला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी फोन काढून बाकावर ठेवला, मधोमध. इकडं मी, तिकडं ज्योतिबा.

"आक्का, सांग," तो म्हणाला.

"मला वाचता येतंय रं," मी म्हटलं. "सातवी झालीया माझी."

"मग सांग की."

माझ्या तोंडून आकडे येईनात. खरं सांगते पूर्णिमा, द्यायचं असंच ठरवून गेले होते मी. तो लहानपणी रुसला की जसा बसायचा तसाच बसला होता, गुडघे जवळ घेऊन. मला भडभडून आलं. आणि आकड्यांऐवजी भलतंच बाहेर आलं.

मी म्हटलं, "एकदा सांगितलंय मी. तुझे दाजी गेले त्या साली. दीर म्हणाला, वैनी, नाव कशाला पायजे तुम्हाला, घर तुमचंच हाय. मी सही करून दिली. आज मी पडवीत चूल पेटवतीया, ज्योतिबा. पाऊस आडवा आला की तव्यावरची भाकरी भिजती."

त्यानं गुडघे सोडले. "मला का न्हाई सांगितलंस?"

"काय म्हणून सांगू? आक्का बोचकं घेऊन माहेरी आली, असं लोकांनी म्हणावं? तू वर्साला सन्मानानं न्यायला येतोस, त्येवढंच हाय माझ्याकडं."

बाईच्या टॅबवर वेळ कमी कमी होताना दिसत होता. तिनं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि पेन खाली ठेवलं. तो पुन्हा "सांग" म्हणाला असता तर, बाळ, मी सांगितलं असतं. मला माझी खात्री नव्हती. पण तो म्हणाला नाही. वेळ संपली तशी बाई कन्नडात "आयतु, आयतु", झालं, झालं म्हणाली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. ज्योतिबा उठला, चपला घातल्या आणि पावसातच शेताकडे निघून गेला. छत्री बाकावरच राहिली.

तो दिवस मावळल्यावर आला. जेवतो, पण माझ्याशी बोलत नाही. साईराज आला होता, माझ्या पाया न पडता गेला. तुझी आई दोघांच्या मधे नुसती वाढत असते. उद्या मी एकटीच परत निघणार आहे. सोडायला कुणी येणार नाही अशी ही पहिली पंचमी. मी माझं माहेर घालवलं असं मला वाटतंय, आणि त्याचं लई दुःख होतंय. पण आकडे सांगितले नाहीत याचं होत नाही. दोन्ही एकदम कसं वाटतं ते तू शिकलेली आहेस, तूच सांग.

ज्या फोनवरून मी "नाही" म्हटलं तो तुझा आहे. तुला परत पाहिजे असेल तर आता मिळणार नाही.

तुझी
मालुआत्ती

*

गुंजी
६ ऑगस्ट २०२५

पूर्णिमा,

आक्काला सोडायला मी गेलतो. ती नको म्हणत होती. बसमध्ये मी मागच्या सीटवर बसलो.

पडवी बघितली. चूल बघितली. नागेंद्र खुर्ची घेऊन आला, मी बसलो न्हाय. त्याची बायको पाणी घेऊन आली ती रडत होती. मी आक्काला म्हटलं पेटी आवर. ती म्हणाली लोक काय म्हणतील. मी म्हटलं म्हणूदेत. बोचकं मीच उचललं. फाट्यापास्नं पार घरापर्यंत माझ्याच खांद्यावर होतं. रवळूनं बघितलं, गुणाबाईनं बघितलं. कुणी काय म्हणालं न्हाय.

मी लई खूश होऊन करतोय असं समजू नको. साईराज दोन दिस जेवला न्हाय. त्याचं काय करायचं ते मला अजून सुचलं न्हाई. विहिरीकडचा तुकडा आक्का घेती म्हणती, फणसासकट. घे म्हटलं.

सोमवारी परत कँप हाय. अर्ज नवा केलाय, दोन्ही नावांचा. तलाठी बाई म्हणाली आता संमती दोघांची लागणार, आक्काची आणि माझी. आक्काचा आकडा आक्काकडं येईल. माझा अजून तुझ्याकडंच येतोय. आक्का म्हणती बदलून घे. घेईन, पण हे झाल्यावर.

सोमवारी काउंटरवर कितीबी गर्दी असूदे, फोन हातात धरून बस. मी कँपातनं फोन करतो. दहा मिन्टंच असतात. ती जाताना मी एकदा बघितल्यात. ह्या टायमाला जाऊ देऊ नको.

आप्पा